काकूंचा लेसर आणि आपलं ग्रहण

नागपूर,
रविवार

प्रिय विजू,

फोनवर तू दोनदा विचारलंस, "डॉक्टरांनी आईचा डोळा खरंच जाळला का?" तेव्हा काकू शेजारीच बसल्या होत्या, म्हणून मी नुसतं "हो, पण काळजी करू नको" म्हणून विषय थांबवला. आता सविस्तर लिहितो. अर्धवट उत्तराने तुला तिकडे बंगलोरला झोप लागायची नाही.

बुधवारी सकाळी धंतोलीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. बाहुली मोठी करायचे थेंब घालून तासभर बसवलं. मग अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं आणि जेल लावलेलं भिंग थेट बुबुळावर ठेवलं. डॉक्टरांच्या पायाखालचं पेडल टक्‌ वाजलं की हिरवा झोत. टक्‌, टक्‌, टक्‌. काकूंनी माझा अंगठा घट्ट धरला होता. मध्येच म्हणाल्या, "बापू, डोळ्यात हिरवे फटाके फुटून राहिले रे." काही ठिकाणी चांगलंच टोचलं त्यांना, पण डोकं हललं नाही. मला अभिमान वाटला त्यांचा.

तर, हो, जाळला. पण डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो आणि माणसं ओळखतो, तो सोडून. कडेच्या भागात बारीक बारीक ठिपके, सगळ्या बैठका मिळून हजाराच्या वर. मधुमेहाने पडद्याच्या केशवाहिन्या बंद पडतात आणि तिथला प्राणवायू कमी होतो. पडद्यात सर्वांत जास्त प्राणवायू खातात त्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी. कडेच्या त्यातल्या काही कमी केल्या की मागच्या थरातून येणारा प्राणवायू उरलेल्यांच्या वाट्याला येतो. १९७६ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. या उपचाराने नजर पार जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे त्यात दिसलं. किंमतही आहे. रात्री थोडं कमी दिसेल, बाजूचं थोडं अंधूक होईल. ते त्यांना आधीच नीट सांगायला हवं होतं. पहिल्या दवाखान्यात नुसतं "जाळावं लागेल" म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. काकू त्या रात्री जेवल्या नाहीत.

तुझा खरा प्रश्न मात्र हा आहे की जळलेली जागा भरून येते का. इथे मला तुला म्यूलर पेशींबद्दल सांगायचंच आहे. वर्गात मुलांना शिकवताना मी या पेशींपाशी नेहमी रेंगाळतो. हाइनरिख म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली त्यांचं वर्णन केलं. पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड, आणि ही पेशी त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत उभी, मांडवाच्या खांबासारखी. शेजारच्या चेतापेशींचा कचरा उचलते, जादा पोटॅशियम शोषते, त्यांना इंधन पुरवते. प्रकाशसुद्धा तिच्यातून वाट काढत खाली पोचतो. ती जिवंत प्रकाशतंतूसारखी, म्हणजे ऑप्टिकल फायबरसारखी वागते, हे लाइपझिगच्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं.

लेसरचा ठिपका पडला की वरच्या प्रकाशपेशी मरतात, खालचा रंगद्रव्याचा थर होरपळतो. त्या थरातल्या शेजारच्या पेशी पसरून भोक बुजवतात. म्यूलर पेशी फुगते आणि एका खास प्रथिनाच्या तंतूंनी भरून जाते. जीएफएपी म्हणतात त्याला, निरोगी पडद्यात तिच्यात ते जवळजवळ नसतं. जखम एका जागी, पण दूरच्या म्यूलर पेशीसुद्धा जाग्या होतात. शेजाऱ्यांना जगवणारी द्रव्यं सोडतात, मेलेल्यांची जागा भरतात, आणि तिथे वण धरतो. माणसात गोष्ट तिथेच थांबते. नवी प्रकाशपेशी येत नाही.

झेब्राफिशमध्ये येते! आपल्याच देशातला मासा, सीताबर्डीत मत्स्यालयाच्या दुकानात पाहिला असशील. प्रखर उजेडाने त्याच्या प्रकाशपेशी मारल्या तर म्यूलर पेशी विभागतात, त्यांच्यातून नव्या प्रकाशपेशी घडतात आणि काही आठवड्यांत मासा पुन्हा बघू लागतो. पेशी तीच, आपल्यात आणि माशात. २०१७ साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने प्रौढ उंदरातही, जनुकीय मदतीने, म्यूलर पेशींपासून चेतापेशी बनवल्या. दवाखान्यात यायला अवकाश आहे. काकूंसाठी नाही येणार हे, तुला खोटी आशा दाखवत नाही. पण म्यूलर पेशींचं एक काम काकूंच्या बाबतीत फार मोठं आहे. प्राणवायू कमी पडला की याच पेशी व्हीईजीएफ नावाचं द्रव्य सोडून मदतीची हाक मारतात. त्याने नाजूक, फुटक्या वाहिन्या उगवतात आणि डोळ्यात रक्त साचतं. लेसरनंतर प्राणवायू मिळाला की ती हाक शमते. बुधवारी सगळी धडपड त्यासाठी होती.

आणि तुला ग्रहण आठवतं? २४ ऑक्टोबर १९९५, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस, महाल भागातली तुमची गच्ची. खाली सगळी गल्ली दूरदर्शनसमोर, आणि आपण दोघं एक्स-रेची फिल्म डोळ्यांना लावून. मी फिल्म बाजूला केली. "काय बे, बघ ना असंच," म्हणालो. तू नाही बघितलंस. माझ्या उजव्या डोळ्यात त्या दिवसापासून एक राखाडी टिपका आहे, वाचताना अक्षराच्या मधोमध येतो. तुला कधी सांगितलं नाही.

जर्मनीत १९४५ च्या ग्रहणाने एका विद्यार्थ्याचा पडदा असाच भाजला होता. तो वण तपासताना नेत्रतज्ज्ञ डॉ. मायर-श्विकेराथ यांना सुचलं की असा वण मुद्दाम केला तर पडदा सुटू नये म्हणून चिकटवून धरता येईल. त्यांनी हॅम्बुर्गच्या गच्चीवर आरसे लावून सूर्यप्रकाशानेच उपचार केले. पुढे झेनॉन दिवा आला, आणि १९६० नंतर लेसर. बुधवारी अंधारात काकूंचा हात धरून बसलो असताना माझ्या डोक्यात तोच विद्यार्थी होता.

पुढची बैठक येत्या बुधवारी, आता डावा डोळा. साखर अजून चढी आहे, तू त्यांना गोडाचं विचारू नको, मी बघतो. त्या दिवशी संध्याकाळी सातनंतर फोन कर. थेंबांमुळे तोवर त्यांना उजेड सोसत नाही आणि त्या बोलायला कंटाळतात. परवा संत्री सोलून देत होतो तर म्हणाल्या, "विजूला सांग, मला तुझा चेहरा दिसते अजून."

तुझाच,
बापू