आकडा छापलात, काम राहून गेलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या अंकात मॉलिक्युलर बायोलॉजी आणि न्यूरोलॉजी अशा दोन्हींत काम करणाऱ्या एका संशोधकाची बातमी आली होती, फोटोसकट. मी ती दोनदा वाचली. मी स्वतः अशाच एका लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून २२ वर्षं काढलीत, त्यामुळे अशी बातमी दिसली की हातातलं काम बाजूला ठेवून आधी ती वाचते. पेपर किती, सायटेशन्स किती, एच-इंडेक्स किती, सगळं व्यवस्थित दिलं होतं. पण त्यांनी नेमकं शोधलं काय, मेंदूचा कुठला आजार, कुठलं प्रोटीन, त्याने पेशंटच्या बाबतीत काय कळलं, याबद्दल एक ओळ नाही. वाईट वाटलं, म्हणून लिहितेय.

त्या संशोधकांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, त्यांचं काम मोठंच असणार. माझं म्हणणं फक्त आकड्यांबद्दल आहे.

सायटेशन म्हणजे काय, तर दुसऱ्या कोणीतरी आपल्या पेपरच्या शेवटच्या यादीत तुमच्या पेपरचं नाव टाकलं. बास, एवढंच. त्याने ते का टाकलं हे मोजणाऱ्याला कळत नाही. तुमचं म्हणणं पटलं म्हणून टाकलं, खोडून काढायला टाकलं, तुमची पद्धत वापरली म्हणून टाकलं की सगळेच टाकतात म्हणून टाकलं, मोजताना सगळं एकच. एच-इंडेक्सचंही तसंच. २००५ मध्ये हॉर्हे हिर्श नावाच्या फिजिक्सच्या प्राध्यापकांनी तो सुचवला, हिशोब साधा आहे, तुमच्या ३० पेपरना प्रत्येकी किमान ३० सायटेशन्स असतील तर तुमचा एच-इंडेक्स ३०. आता यात गंमत अशी की तो कधी कमी होत नाही, वय वाढतं तसा वाढतच जातो, त्यामुळे तरुण संशोधक आणि साठीतले प्राध्यापक यांची तुलना त्यावरून करायला गेलं तर तरुण माणूस हरणारच. आणि एकाच माणसाचा आकडा गुगल स्कॉलरवर वेगळा, स्कोपसवर वेगळा (दोन्हीकडे पेपरच्या सायटेशन्स मोजल्या जातात), कारण दोघं मोजतात ती जर्नल्स आणि पुस्तकं वेगळी. बातमीत आकडा कुठून घेतला तेही नव्हतं.

आता एक उदाहरण सांगते, ते माझ्या रोजच्या कामातलं होतं. १९५१ मध्ये ऑलिव्हर लॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्रीमध्ये प्रोटीन मोजायची पद्धत छापली. आम्ही सुरुवातीची काही वर्षं तीच वापरायचो, टेस्ट ट्यूबमध्ये सॅम्पल घ्यायचं, तांब्याचं अल्कलाइन द्रावण घालायचं, मग फोलिन रीएजंट, आणि ते घातल्या क्षणी ट्यूब ढवळायची, एक-दोन सेकंद उशीर झाला तर रीडिंग गडबडतं. अर्ध्या तासाने निळा रंग चढतो, जितकं प्रोटीन जास्त तितका निळा गडद. जगभरच्या हजारो लॅबमध्ये हेच चालायचं, म्हणून त्या एका पेपरला ३ लाखांहून जास्त सायटेशन्स आहेत, विज्ञानातल्या सगळ्यात जास्त सायटेशन्स मिळालेल्या पेपरमध्ये त्याचं नाव पहिलं घेतलं जातं. आणि लॉरींनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की हा काही थोर पेपर नाही. त्यांचा खरा जीव होता मेंदूच्या रसायनात. एकेक नर्व्ह सेल, म्हणजे मज्जापेशी, सुटी काढून, वाळवून, तिचं वजन करायचं आणि तिच्यात कुठलं एन्झाइम किती आहे ते मोजायचं, आणि एवढंसं वजन करायला क्वार्ट्झच्या केसासारख्या बारीक तंतूचा तराजू त्यांनी स्वतः बनवला होता. आता सांगा, एका पेशीचं वजन करणाऱ्या माणसाची ओळख ३ लाख या आकड्यावरून होईल का? त्यांचं मेंदूवरचं काम सायटेशन्समध्ये त्या आकड्याच्या जवळपासही नाही.

दुसरं उदाहरण तर मी स्वतः हाताने केलेल्या कामातलं. आमच्याकडे पार्किन्सन्सवर काम होतं, म्हणजे अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रोटीनवर. १९९७ मध्ये कळलं की हे प्रोटीन बनवणाऱ्या जीनमध्ये बदल झाला की काही कुटुंबांत पार्किन्सन्स पिढ्यान्‌पिढ्या येतो, आणि त्याच वर्षी हेही कळलं की पेशंटच्या मेंदूत सापडणाऱ्या लुई बॉडीज त्याच प्रोटीनच्या गाठी आहेत, तेव्हापासून सगळं क्षेत्र त्याच्यामागे लागलं. आमचं काम वेस्टर्न ब्लॉटचं, म्हणजे सॅम्पलमध्ये ते प्रोटीन आहे का आणि किती, ते पट्टीवरून बघायचं. सॅम्पल निळ्या डायमध्ये उकळायचं, जेलच्या बारीक खाचेत टिपने सोडायचं, श्वास रोखून, कारण हात हलला की सॅम्पल शेजारच्या खाचेत जातं, मग जेल चालवायचं, त्यातलं प्रोटीन मेंब्रेनवर घ्यायचं, नेमकं तेच प्रोटीन ओळखून त्याला चिकटणारी अँटिबॉडी लावायची, धुवायचं, आणि शेवटी डार्करूममध्ये फिल्मवर पट्टी उमटायची वाट बघायची. आमची पट्टी कधी पुसट यायची, कधी यायचीच नाही. महिनोन्‌महिने आम्हाला वाटत राहिलं की अँटिबॉडी खराब आहे, सॅम्पल खराब आहे, माझ्या हाताचं काहीतरी चुकतंय. आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम मला कधी बोलल्या नाहीत पण मला रात्री झोप लागायची नाही. मग २०११ मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये एक छोटासा पेपर आला, त्यात म्हटलं होतं की हे प्रोटीन लहान असल्यामुळे धुताना मेंब्रेनवरून सुटून जातं, तेव्हा अँटिबॉडी लावायच्या आधी मेंब्रेन पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये बुडवून ते पक्कं करून घ्या. आम्ही केलं. पहिल्याच फिल्मवर ठळक, काळी पट्टी आली! मॅडमनी ती फिल्म दिव्याकडे धरली आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. आमच्यासाठी त्या वर्षीचा सगळ्यात महत्त्वाचा पेपर तो होता, त्याचा आकडा काय आहे हे आम्ही कधी बघितलंही नाही.

आणि आकडा मोठा म्हणजे काम खरं, असंही नाही हो. २००६ मध्ये नेचर या जर्नलमध्ये अल्झायमर्सवर एक पेपर आला, अमायलॉइड या प्रोटीनचा एक विशिष्ट गठ्ठा उंदरांची स्मरणशक्ती घालवतो असा त्याचा दावा होता. त्याला सुमारे अडीच हजार सायटेशन्स मिळाल्या. २०२२ मध्ये त्यातल्या ब्लॉटच्या चित्रांवर जाहीरपणे शंका घेतली गेली, आणि २०२४ मध्ये तो पेपर मागे घेण्यात आला, कारण चित्रांमध्ये तुकडे जोडलेले, पट्ट्या पुन्हा वापरलेल्या आणि इरेझर टूलने पुसल्याच्या खुणा सापडल्या. १८ वर्षं! त्या काळात किती जणांनी त्यावर विश्वास ठेवून प्रयोग लावले असतील आणि आमच्यासारखंच आपल्या हातांना दोष देत बसले असतील, या विचाराने मला अजून त्रास होतो. पेपर मागे घेतला तरी त्या सायटेशन्स पुसल्या जात नाहीत, मोजणारा त्या मोजतोच.

याच्या उलट जॉर्ज हंटिंग्टन. १८७२ मध्ये वय वर्षं २२, नुकताच डॉक्टर झालेला मुलगा, त्याने एका पेपरात एका आजाराचं वर्णन केलं, ज्यात हातपाय आपोआप हलतात आणि जो आईवडिलांकडून मुलांकडे येतो. वडील आणि आजोबा दोघंही एकाच भागात डॉक्टर, त्यामुळे तीन पिढ्यांचे पेशंट त्याला माहीत होते. त्याने लिहिलं की एखादं मूल या आजारातून सुटलं की धागा तुटतो, त्याच्या मुलाबाळांना तो होत नाही. आनुवंशिकतेचे नियम सांगणाऱ्या मेंडेलचं काम तेव्हा फारसं कोणाला ठाऊकही नव्हतं. पुढे हा माणूस साधा फॅमिली डॉक्टर म्हणून जगला, संशोधनाच्या वाटेला फारसा गेला नाही, आजचा एच-इंडेक्स लावला तर जेमतेम एक-दोन भरेल. आजाराला नाव मात्र त्याचं आहे. आणि त्या आजाराचा जीन १९९३ मध्ये सापडला तेव्हा सेल नावाच्या जर्नलमधला तो पेपर सहा टीमच्या मिळून एका गटाच्या नावाने आला. आता त्याचं श्रेय एकेका माणसाच्या खात्यावर कसं वाटणार?

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टरसुद्धा, म्हणजे त्या जर्नलमधल्या पेपरना सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा, यूजीन गारफील्ड यांनी काढला तो कुठली जर्नल्स महत्त्वाची ते ओळखण्यासाठी, माणसं निवडण्यासाठी नव्हे. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सेल बायोलॉजीच्या परिषदेला जमलेल्या जर्नल्सच्या संपादक-प्रकाशकांनी एकत्र येऊन हेच लिहून काढलं, की नोकरी, बढती, ग्रँट देताना जर्नलच्या आकड्याकडे न बघता पेपरमध्ये काय आहे ते बघा. त्या जाहीरनाम्याला डोरा म्हणतात, पुढे जगभरच्या हजारो लोकांनी आणि संस्थांनी त्यावर सह्या केल्या. संशोधकांनाच हे पटलेलं असताना वाचकांपुढे मात्र तोच आकडा सर्टिफिकेटसारखा ठेवला जावा, हे मला बरोबर वाटत नाही.

वाचकाला अवघड काही कळत नाही असं समजू नका. ज्याच्या घरात पार्किन्सन्सचा किंवा अल्झायमर्सचा पेशंट आहे त्याला सिन्युक्लिन हा शब्द सांगितला तर तो पाठ करून ठेवतो, आमच्या लॅबमध्ये फोन करून नातेवाईक विचारायचे, उंदरात जमलं का हो, माणसात कधी येईल. एच-इंडेक्स किती असं एकानेही कधी विचारलं नाही.

म्हणून एक विनंती. त्या संशोधकांकडे तुमचा वार्ताहर पुन्हा पाठवा, आणि त्यांना एवढंच विचारू दे की तुमच्या एवढ्या पेपरमधला तुम्हाला स्वतःला सगळ्यात जवळचा कुठला, त्यात काय सापडलं, कोणी पुन्हा करून बघितलं का, आणि बेंचवर उभं राहून तो प्रयोग कोणी केला. त्या शेवटच्या माणसाचं नावही छापा.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन