पासष्टीची मेख

महोदय,
‘लाडकी बहीण’ योजना २१ ते ६५ वयाच्या महिलांसाठी आहे. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात पासष्टी ओलांडलेल्या कितीतरी विडी कामगार आजही मांडीवर सूप घेऊन पान कातरतात, दर हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर विड्या वळतात. काम थांबत नाही, योजनेचे पैसे थांबतात. त्यांना श्रावणबाळ या गरीब वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेकडे बोट दाखवलं जातं. पण तिथे उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार, ‘लाडकी बहीण’मध्ये अडीच लाख! महिन्याला दोन हजार मिळवणारी आजी कुठे बसणार?

राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभावास मनाई आहे; त्यात वय नाही. समानतेची हमी देणारं कलम १४ आहे, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. अमेरिकेत सरकारी पैशावर चालणाऱ्या उपक्रमांत वयावरून डावलण्यास १९७५च्या कायद्याने बंदी आहे. अर्थात कायद्यानेच घातलेली वयोमर्यादा तिथेही चालते, म्हणजे पळवाट आहेच. तरी निदान दाद मागायला जागा आहे.

आपल्याकडे वयाची अट घालताना तिचं कारण शासन निर्णयात लिहिणं बंधनकारक करावं. आणि श्रावणबाळची २१ हजारांची मर्यादा आधी वाढवावी.

– एक वाचक, सोलापूर