सौम्य बिअर म्हणजे रंगीत पाणी नव्हे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कमी अल्कोहोलची बिअर म्हणजे रंगीत पाणी, त्यापेक्षा सोडा प्यावा, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात काही दिवसांपूर्वी वाचले. पत्रलेखकांचा अनुभव खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. आपल्याकडे माइल्ड म्हणून जी बिअर सर्रास मिळते, तिच्यापुरते त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु गेल्या काही आठवड्यांत हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, सढळ वापर केलेल्या एका अंबर एलच्या (तांबूस रंगाच्या बिअरच्या) सहा बाटल्या मला निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या जेवणाबरोबर सावकाश चाखता आल्या. त्या अनुभवानंतर हे मत सरसकट स्वीकारणे मला शक्य नाही, म्हणून हे पत्र.

मी देवगड तालुक्यातील आंबा बागायतदार आहे. आढीतला आंबा तयार झाला की नाही हे आम्ही डोळ्यांपेक्षा नाकाने ठरवतो, आणि चाळीस वर्षे तेच करीत आल्यामुळे कोणताही पदार्थ तोंडात घालण्यापूर्वी त्याचा वास घेण्याची मला सवय आहे. पुण्यात नोकरीला असलेला माझा भाचा एप्रिलच्या अखेरीस घरी आला, तेव्हा त्याने बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या पेटीतून या बाटल्या आणल्या. बाटली तपकिरी काचेची, ३३० मिलिलिटरची. लेबलवर अल्कोहोलचे प्रमाण २.८ टक्के छापलेले आणि हॉप्सची जात कॅस्केड अशी दिलेली.

या २.८ टक्क्यांचा अर्थ नीट लक्षात यावा म्हणून साधा हिशेब मांडतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग समजली जाते. आपल्या किनाऱ्यावर ज्या ६५० मिलिलिटरच्या स्ट्राँग बाटलीला मागणी असते, तिच्यात ८ टक्क्यांच्या हिशेबाने ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. मी प्यायलेल्या बाटलीत ते सव्वानऊ मिलिलिटरच्या आसपास होते, म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. ज्याला नशा हवी आहे त्याच्यासाठी ही बाटली नाही, हे उघड आहे. प्रश्न एवढाच, की नशा बाजूला काढल्यावर पेल्यात काय उरते.

पहिली बाटली आम्ही आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे अगदी गारठवून उघडली आणि पहिल्या दोन घोटांत निराश झालो. थंडी, बुडबुडे आणि शेवटी थोडा कडवटपणा, याखेरीज काही जाणवले नाही. पेले तसेच ठेवून मी अंगणात पाणी शिंपायला गेलो आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत आलो, तर पेल्यात निराळेच पेय असल्यासारखे वाटले. अतिथंड द्रवातून सुगंध वर येत नाहीत, हे मला ठाऊक असायला हवे होते; फ्रिजमधला आंबा कापला तर त्यालाही वास नसतो. पुढच्या पाचही बाटल्या मी फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवल्या आणि तोंडाशी निमुळत्या होत जाणाऱ्या काचेच्या पेल्यात ओतल्या.

रंग म्हणाल, तर पातळ केलेली काकवी खिडकीच्या उजेडात धरल्यावर दिसते तसा तांबूस, किंचित गढूळ. फेस बोटभर जाडीचा, पांढऱ्यापेक्षा सायीकडे झुकणारा, आणि पेला संपेपर्यंत काचेला त्याची जाळी चिकटून राहिली. खरी गोष्ट मात्र वासाची आहे. नाक पेल्याजवळ नेताच पहिल्यांदा आला तो पपनसाच्या सालीचा वास. आतल्या फोडींचा नव्हे, साल नखाने ओरबाडल्यावर बोटांना लागून राहतो तो. कॅस्केड ही जात अमेरिकेतील ओरेगॉन येथे विकसित होऊन १९७२ मध्ये शेतकऱ्यांना मिळाली आणि तिच्या वासाचे वर्णन सर्वत्र ग्रेपफ्रूटसारखा असे केले जाते. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून झालेले फळ असल्याने परसातल्या पपनसाची आठवण येणे हा माझ्या मनाचा खेळ नसावा.

त्या वासामागे दुसरा एक वास होता आणि तो ओळखायला मला दुसरा दिवस लागला. सकाळी कलमावरून फळे उतरवताना एकाचा देठ मोडला आणि चीक उडून मनगटावर पडला, तेव्हा कालच्या पेल्यातला तो राळेसारखा, तिखटसर, हिरवा दर्प हाच हे एकदम ध्यानात आले. यालाही आधार आहे. हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुले. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी राळ असते आणि तिच्यातील सुगंधी तेलांत मर्सीन नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते, जे आंब्यातही आढळते. ही वेल कोकणात कधी होणार नाही, कारण तिला थंड प्रदेशातला उन्हाळ्याचा लांब दिवस लागतो. भारतात तिची लागवड झाली ती हिमाचलातल्या लाहौलसारख्या थंड भागात. तरीही तिच्या फुलात आपल्या बागेतल्या वासाचा अंश सापडावा, याचा मला मनापासून आनंद झाला.

चवीबद्दल सांगायचे तर पहिला घोट खरपूस लागतो. तव्यावर भाजलेल्या नाचणीच्या भाकरीचा पापुद्रा आणि त्यावर गुळाचा पुसट हात, असे काहीसे. हा खरपूसपणा आणि हा रंग दोन्ही येतात ते एका विशिष्ट माल्टमुळे: मोड आणलेले सातू ओलसर असतानाच तापवले की दाण्याच्या आतच साखर तयार होते आणि पुढे भाजल्यावर ती तांबूस होते. त्यानंतर मात्र मधेच क्षणभर पोकळी जाणवते. पत्रलेखकांना जे पाणी वाटले ते बहुधा हेच, आणि या दोषाकडे मी डोळेझाक करणार नाही. मग जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा चढतो. तो कारल्याचा नव्हे. पपनसाच्या फोडीवरचा पांढरा पापुद्रा चुकून चावला गेला तर जो कडवटपणा येतो, तो. घोट गिळल्यावरही तो बराच वेळ मागे राहतो आणि पेल्याच्या अखेरीस माल्टच्या गोडीपेक्षा किंचित वरचढ होतो.

हा तोल सांभाळणे किती अवघड आहे, हे समजून घेतल्यावर मला या बिअरच्या कर्त्यांबद्दल आदर वाटू लागला. अल्कोहोल नुसती नशा आणत नाही; ते पेयाला गोडसरपणा आणि अंगही देते. ते काढून घेतले आणि हॉप्स तेवढेच ठेवले, तर कडवटपणा उघडा पडतो. म्हणून सातू गरम पाण्यात भिजवतानाच तापमान थोडे चढे, ६८ ते ७० अंशांच्या आसपास ठेवतात. त्यामुळे यीस्टला खाता न येणारी साखर जास्त बनते, ती आंबवणीनंतरही शिल्लक राहते आणि पेय पातळ पडत नाही. हॉप्सही सगळे सुरुवातीला उकळत नाहीत. तासभर उकळले की राळेतले कडू द्रव्य पाण्यात उतरते, पण सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात. म्हणून सुगंधासाठीचे हॉप्स उकळी संपताना, किंवा आंबवणी झाल्यावर थंड बिअरमध्येच टाकतात. कढी उतरवल्यावर वरून कोथिंबीर घालण्यामागेही हाच विचार असतो. एवढी काळजी घेऊन केलेल्या वस्तूला रंगीत पाणी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

जेवणाबरोबरचा अनुभव थोडक्यात सांगतो. मीठ आणि कोकमाचे आगळ लावून रव्यात तळलेल्या बांगड्याबरोबर ही एल उत्तम लागली. बुडबुड्यांनी आणि कडवटपणाने तेल जिभेवरून साफ पुसले जाते आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कालवणाबरोबर तर हॉप्सचा वास असा जुळला, की दोन्ही एकाच झाडाचे असावेत असे वाटले. भरपूर मालवणी मसाला घातलेल्या कोंबडीच्या सुक्याबरोबर मात्र जमले नाही, कारण हॉप्सच्या कडवटपणाने मिरचीची आग वाढते. सोलकढी आणि ही बिअर एका पानावर ठेवूच नये. नारळाचा रस जिभेवर बसला की सगळे सुगंध मिटतात.

आता माझ्या एका तक्रारीकडे येतो. भाच्याने आणलेल्या बाटल्या संपल्यावर, हीच बिअर आमच्या भागातील एका बिअर शॉपीत आल्याचे कळले, म्हणून मी तीन बाटल्या विकत आणल्या. लेबल तेच, उत्पादनाची खेप बहुधा निराळी. उघडल्यावर पपनस नाही, चीक नाही. अवकाळी पावसात आंब्याच्या पुठ्ठ्याच्या पेट्या भिजल्या की गोदामात जो वास कोंडतो, तोच वास पेल्यातून आला. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन पाहिले, तर खोकी पत्र्याच्या छपराखाली, पश्चिमेकडच्या दारात, दुपारभर उन्हात उभी होती. फ्रिजमध्ये फक्त विक्रीच्या दिवशीच्या बाटल्या. बाटलीत राहिलेला थोडासा प्राणवायू आणि उष्णता यांनी बिअर अशी शिळी होते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. तपकिरी काच उजेडापासून बऱ्यापैकी राखण करते, हिरवी आणि पांढरी काच तेही करीत नाही, पण उष्णतेपुढे कोणत्याच काचेचे काही चालत नाही. अशी बाटली ज्याने प्रथम चाखली, तो पुन्हा या वाटेला का जाईल?

आपण बागायतदार उतरवलेले फळ दुपारच्या उन्हात घटकाभरही ठेवत नाही. कलमाच्या सावलीत क्रेट लावतो, वर गवत टाकतो, कारण ऊन लागलेला आंबा पेटीत बसला की ग्राहक देवगडचे नाव घेऊन शिव्या देतो. हॉप्सची बिअर तितकीच नाजूक आहे. ती दारू आहे, म्हणजे टिकणारच, हा समज विक्रेत्यांनी सोडायला हवा. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडहून जास्त हॉप्स घातलेल्या पेल एलची (फिकट रंगाच्या बिअरची) पिंपे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून मुंबई बंदरात उतरत होती आणि महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात ती आंबू नये म्हणूनच हॉप्स वाढवले जात, हे खरे आहे. पण हॉप्स बिअरला जंतूंपासून वाचवतात; स्वतःचा सुगंध उन्हापासून वाचवणे त्यांना जमत नाही.

तेव्हा किनाऱ्यावरच्या बिअर विक्रेत्यांना माझी विनंती आहे, की अशा बाटल्यांची खोकी निदान सावलीच्या, आतल्या खोलीत ठेवावीत आणि जुना माल आधी काढावा. उत्पादकांनी भरणीची तारीख बुचाच्या कडेवर पुसट ठिपक्यांत न छापता लेबलवर ठळक छापावी. मला ती वाचण्यासाठी भिंग घ्यावे लागले. आणि शासनाने एका गोष्टीचा विचार करावा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०११ पासून २.८ टक्के किंवा त्याहून कमी अल्कोहोलच्या बिअरवरील कर निम्म्यावर आणला गेला आणि ऑगस्ट २०२३ पासून कमी दराची ही सवलत ३.५ टक्क्यांच्या आतील बिअरला मिळू लागली. त्यामुळे उत्पादकांना हलकी पण चवदार बिअर करून पाहण्याचे कारण मिळाले. आपल्याकडेही ५ टक्क्यांच्या खाली अशी आणखी एक पायरी केली, तर ज्यांना बिअर प्यायचीच आहे, त्यांच्यापुढे आठ टक्क्यांच्या मोठ्या बाटलीखेरीज दुसरा खरा पर्याय उभा राहील.

मी ज्या दुकानातून बाटल्या घेतल्या, तेथील मालकांना हे सर्व समक्ष सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, तिसरी न उघडलेली बाटली परत घेतली आणि पुढचा माल आला की खोकी मागच्या खोलीत लावण्याचे कबूल केले. तो माल आल्यावर मी पुन्हा बाटली आणून, बांगडा तळून, काय आढळले ते आपल्याला कळवीन.

आपला नम्र,
एक आंबा बागायतदार
देवगड, जि. सिंधुदुर्ग