शेजारणीच्या कढईला नको, डक्टला बोल लावा

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच भांडण चालू आहे, कोण काय तळतंय. कुणी सुके बोंबील भाजले की वरच्या मजल्यावरून मेसेज, कुणी लसूण-मिरचीची फोडणी दिली की खालून मेसेज, आणि परवाच्या मीटिंगमध्ये तर एकांनी सरळ ठरावच मांडला की मासे करणाऱ्यांनी दारं-खिडक्या लावून करावेत. मला ते फार लागलं म्हणून हे पत्र लिहितेय. ठाण्यात आगरी-कोळी लोक टॉवर यायच्या कितीतरी आधीपासून राहतायत, इथे सुकट कुणी कशी भाजायची हे कमिटी ठरवणार का? आणि मुळात वास घराघरात शिरतोय तो कुणाच्या कढईमुळे नाही, तर बिल्डिंगचा डक्ट काम करत नाही म्हणून, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

डक्ट म्हणजे टॉवरच्या आत तो उभा चौकोनी शाफ्ट, ज्यात ड्रेनेजचे पाईप असतात आणि सगळ्यांच्या एक्झॉस्टची आणि चिमणीची तोंडं उघडतात. त्याचं गणित साधं आहे, खालून गार हवा आत येते, स्वयंपाकाची गरम हवा वर चढते आणि गच्चीवरून बाहेर पडते. पण त्यासाठी खालून पण उघडं पाहिजे आणि वरून पण. आमच्याकडे खाली पत्रे मारून सामानाची खोली केलीय आणि वर पाऊस नको, कबुतरं नकोत म्हणून फायबरची शीट टाकून चारी बाजूंनी सिलिकॉन भरून टाकलंय. मग एवढ्या मजल्यांचा धूर जाणार कुठे, तर ज्याचा पंखा त्या वेळी बंद असेल त्याच्या घरात. त्यात काहींनी एसीची आउटडोअर युनिट्स पण डक्टमध्येच टांगलीयत, ती गरम हवा फेकतायत ती वेगळीच.

खात्री करायची असेल तर संध्याकाळी आठच्या सुमाराला, सगळीकडे पोळ्या-भाजी चालू असताना, आपला एक्झॉस्ट बंद करून त्याच्या जाळीसमोर टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरा. माझ्याकडे ती चक्क घराच्या दिशेने आडवी होते आणि मागोमाग कुणाच्या तरी तडक्याचा ठसका येतो. पंखा काढून साफ केला तेव्हा पात्यांवरचा तपकिरी चिकट थर डक्टच्या बाजूने जाड होता, माझ्या ओट्याच्या बाजूने पातळ. म्हणजे ते तेल आमचं नव्हतं. माझ्या सासूबाईंना दमा आहे, त्यांना संध्याकाळी किचनमध्ये पाच मिनिटं बसवत नाही हो.

यावर प्रत्येकजण काय करतो तर आणखी मोठी चिमणी आणतो. आता बघा, ८ बाय १० चं किचन, साडेनऊ फूट उंची, म्हणजे आत हवा साधारण २१-२२ घनमीटर. चिमणीवर लिहिलेलं असतं तासाला १२०० घनमीटर, म्हणजे जवळजवळ दर मिनिटाला किचनभर हवा ओढायची ताकद. पण ड्राय बाल्कनीला स्लायडिंग लावून बंद केलेलं, खिडक्या बंद, दार बंद, तर ती हवा येणार कुठून? ती येते मग दाराच्या फटीतून, बाथरूमच्या डक्टमधून, नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखाली गटाराचा वास अडवणारं पाणी सुकलेलं असेल तर तिथून, आणि लोक म्हणतात घरात गटाराचा वास का येतोय. चिमणी चालू असताना एक खिडकी चार बोटं उघडी ठेवली तरी खूप फरक पडतो. आणि बसवणाऱ्याला पाईपची वळणं कमी ठेवायला सांगा, ६ इंची पाईप शेवटी ४ इंची भोकात कोंबला की ओढ तिथेच मरते. बिनपाईपची चिमणी घेणाऱ्यांनी पण लक्षात घ्यावं की ती कोळशाच्या फिल्टरमधून वास थोडा कमी करते, पण वाफ आणि उष्णता घरातच राहते.

एक्झॉस्टला मागे हवा न येऊ देणारा फ्लॅप मिळतो, तो जरूर बसवा, पण वरचं तोंड बंद ठेवून प्रत्येकाने आपापला फ्लॅप लावला तर ज्याच्याकडे नाही त्याच्यावर सगळ्यांचा धूर लोटला जाईल. म्हणून आधी गच्ची. शीट फूट-दीड फूट उचलून घ्या, चारी बाजूंना लूवर (हवा जाऊ देणाऱ्या तिरप्या पट्ट्या) आणि कबुतरं आत येऊ नयेत म्हणून जाळी लावा, जमलं तर वागळे इस्टेटच्या शेडवर दिसतात तसे वाऱ्याने फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवा, त्यांना वीज पण लागत नाही. खालचे पत्रे काढा.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती गॅसची. आमच्याकडे पाईपगॅसची उभी लाईन याच डक्टमधून वर गेलीय. पाईपगॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेपेक्षा हलका, गळती झाली तर वर चढणार आणि सिलिकॉन मारलेल्या त्या शीटखाली साठून राहणार. (सिलेंडरचा गॅस उलटा, जड, तो जमिनीलगत बसतो.) त्यात भिंतींना तेलाचा राप आणि केबलवाल्याच्या वायरी. इतकं असून लोक बोंबलांवर भांडतायत याचं मला खरंच वाईट वाटतं.

नियम नाहीत असं नाही. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये स्वयंपाकघराला किमान १ चौरस मीटरची खिडकी मोकळ्या जागेकडे उघडणारी हवी, शाफ्टमध्ये उघडणारी नको, असं आहे. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या कायद्याच्या कलम १४(३) खाली बांधकामातला किंवा सोयीसुविधांमधला दोष लेखी कळवा, बिल्डरने ३० दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. आमच्या बिल्डरने फोनवर "तुम्ही लोक फार तळता" असं ऐकवलं, म्हणून सांगते, फोन करू नका, पत्र द्या आणि पोच घ्या. पाच वर्षं उलटली असतील तर डक्ट सोसायटीची सामाईक मालमत्ता आहे, दुरुस्ती कमिटीनेच करायची, एकट्यादुकट्या मेंबरने नाही.

महापालिकेने ओसी (इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला) देताना डक्टची दोन्ही तोंडं खरोखर उघडी आहेत का हे गच्चीवर चढून बघावं, नुसतं नकाशावर नको. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारी-जुलैला भरावा लागतोच, त्या वेळी तपासणीला येणाऱ्या एजन्सीच्या माणसाला डक्टमध्ये पण टॉर्च मारायला लावा. आणि सोसायट्यांच्या एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) ३० सप्टेंबरपर्यंत होतात, तेव्हा या वर्षीच्या अजेंड्यावर डक्टचा विषय घ्यायला मेंबरांनी आत्ताच सेक्रेटरींकडे लेखी अर्ज द्यावा, मी आमच्याकडे दिलाय.

आपली,
एक वाचक, वाघबीळ, ठाणे (प.)