पाय टाकण्याआधी

पेण, रविवार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच आपटला. चुकलं माझं. बोलताना माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

तू गळ टाकायला जाणार आहेस त्या अर्जेंटिनातल्या इबेरा पाणथळीबद्दल दोन रात्री बसून वाचलं. तिथल्या ग्वारानी भाषेत त्या नावाचा अर्थ चमकणारं पाणी, हे तू सांगितलं होतंस. ती पाणथळ मुख्यतः पावसावर जगते, आणि तिच्यातूनच निघालेली कोरिएन्तेस नदी पुढे पारानाला मिळते, हे मला नवीन. आणि तो डोराडो मासा! सोनेरी अंग, नि जबडा असा की दोराच्या टोकाला पोलादी तार लावावी लागते. पिसांच्या खोट्या माशीवर त्याला भुलवायचं, पकडायचं, पुन्हा पाण्यात सोडायचं. जिताडा सोडून देणारा माणूस आपल्या खाडीवर मी पाहिला नाही, पण तुमची रीत मला आवडली. बिनकाट्याचा गळ वापरा, माशाला कमी इजा होते.

मगरीचं मी काही म्हणत नाही. तिथली ती याकारे माणसाच्या वाटेला सहसा जात नाही असं वाचलं. मला झोप येत नाही ती एम्बाल्सादोमुळे. गवत, मुळ्या, कुजलेला पाला यांचा थर पाण्यावर तरंगतो, त्यावर झाडंसुद्धा उगवतात. लांबून बेट दिसतं. खाली जमीन नसते.

सुरेशकाकाच्या पायाखालीही जमीनच दिसत होती. ओहोटीला खाजणात गळ अडकला म्हणून तो सोडवायला उतरला. गुडघ्यापर्यंत चिखल, मग मांडीपर्यंत, आणि उधाणाची भरती. तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. त्याने तुला बांधावर बसवून गळाला कोळंबी लावायला शिकवलं होतं, ते आठवतं का? त्यानंतर मी तुला बांधावर जाऊच दिलं नाही.

तू पोहायला शिकलीस ते आईने माझ्यापासून लपवलं. पण संध्याकाळी तुझी वेणी ओली असायची. मला कळत होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर बंद करावं लागलं असतं. पुण्याच्या स्पर्धेला मी आलो नाही. पदक मात्र देवघराच्या खणात आहे, रोज पुसतो.

तर सांगायचं ते एवढंच: वाटाड्याने पाय टाकल्याशिवाय तू टाकायचा नाही. होडीतूनच गळ टाकता येत असेल तर होडीतूनच टाक. उतरलीसच तर पाणी कमरेला लागलं की मागे फिर. एकटी लांब जाऊ नकोस. पुन्हा उपदेश सुरू झाला. माफ कर. सत्तावीस वर्षांच्या मुलीला हे सांगायचं नसतं.

तिथे जॅग्वार परत आलेत म्हणे. कोरिएन्तेस प्रांतातून सत्तर वर्षं नाहीसे झाले होते, २०२१ मध्ये आई आणि दोन बछडी आणून सोडली. दिसला तर मला आधी सांग. मेर्सेदेस गावापासून पुढे बराचसा रस्ता मातीचा आहे म्हणे. पाऊस पडला तर घाई न करता मुक्काम वाढवा, पैसे मी पाठवतो.

आईचा निरोप: दिवाळीला येताना पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड पासपोर्टच्या कव्हरातच ठेव. अर्जेंटिनाहून येणाऱ्याला ते इथे लागतं, आणि लस घेऊन दहा दिवस झालेले असावे लागतात. घेतली नसशील तर या आठवड्यात घे.

लॉजवर फोन लागत नाही असं तू म्हणालीस. पण परत आल्यावर, रात्रीचे आठ असोत की दहा, एक मेसेज टाक. तुमच्याकडे आठ वाजले की इथे पहाटेचे साडेचार. मी जागाच असतो.

त्या हिरव्या बेटांवर पाय टाकू नकोस.

तुझा,
बाबा