जाताना बाईंच्या हाती काय देशील

चि. सोन्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज उतरलेला वाटला. आंतरवासिता, म्हणजे शाळेतला शिकवण्याचा सराव, संपत आली, दोन-चार पाठ बाकी आहेत, पाठांच्या टाचणवहीवर सह्या व्हायच्यात, साहित्य करायचंय, आणि तिसरीतली तीन पोरं अजून जोडाक्षरापाशी अडतात, हे सगळं तू एका दमात सांगितलंस. फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते. सवडीने वाच.

पाठ, सह्या आणि साहित्य ही कामं होतील. दरवर्षी सगळ्या छात्राध्यापकांची होतात, थोडी धावपळ होते इतकंच. जीव लावायचा तो त्या तीन पोरांना. तुला खरं सांगायला हवं की तू निघेपर्यंत ती तिघंही घडाघडा वाचायला लागतील असं नाही. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत, असं केंद्राच्या 2021 च्या निपुण भारत अभियानात ठरलंय, आणि ते योग्यच आहे. पण मार्चमध्ये 'प्र' आणि 'र्प' यांत गोंधळणारं मूल तीन आठवड्यांत तिथवर जात नाही. त्याचा दोष तू स्वतःकडे घेऊ नकोस.

मात्र एक गोष्ट फक्त तुझ्याकडे आहे. त्यांच्याशेजारी मांडी घालून बसल्यामुळे कोण नेमकं कुठे अडतं हे तुला ठाऊक झालंय. बाईंना तेवढं ठाऊक असणं शक्य नाही. शाळा द्विशिक्षकी. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने पट 60 पर्यंत असला की शिक्षक दोन, आणि वर्ग मात्र चार. बाई तिसरी आणि चौथी एकाच खोलीत सांभाळतात, वर पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहित्या, बैठका. एका वर्गाला लेखन देऊन दुसऱ्याला शिकवायचं, यातच त्यांचा दिवस जातो. तू होतास म्हणून तिसरीला इतके दिवस पूर्ण वेळ एक माणूस मिळाला. तू निघालास की पोरांबद्दल तुला जे कळलंय तेही तुझ्याबरोबर एसटीत बसून बीडला जाईल. ते जाऊ देऊ नकोस. लिहून बाईंच्या हाती दे. या शेवटच्या आठवड्यांत दुसरं काही राहिलं तरी चालेल, एवढं राहता कामा नये.

कसं लिहायचं ते तुझ्याच वर्गातल्या उदाहरणाने सांगते. तू मला एका वहीचा फोटो पाठवला होतास. 52 वजा 27, उत्तर 35. खाली तू लिहिलं होतंस, 'याला हातच्याची वजाबाकी येत नाही.' नीट बघ बरं. दशकाच्या घरात पाचातून दोन गेले तीन, हे त्याने बरोबर केलंय. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले आणि पाच लिहिले. म्हणजे वजाबाकी त्याला येते. मोठ्यातून लहान काढायचं, एवढंच त्याने घट्ट धरलंय, आणि पहिली-दुसरीत आपणच ते त्याच्या डोक्यात बसवलेलं असतं. त्याला फळ्यावर रीत पुन्हा पुन्हा सांगून फरक पडणार नाही. खराट्याच्या काड्या घे, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांध. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेव आणि म्हण, 'यातल्या सत्तावीस मला दे.' दोन गठ्ठे तो लगेच देईल. मग सात सुट्या हव्यात आणि समोर दोनच. तिथे तू गप्प बस. काही सुचवू नकोस, भुवईसुद्धा उचलू नकोस. तो तुझ्याकडे बघेल, शेजारच्याकडे बघेल, गठ्ठा हातात घेऊन फिरवेल. बहुतेक पोरं थोड्या वेळाने आपणहून रबर सोडवतात. त्याने सोडवला की मगच पाटीवर लिहून दाखव.

आणि मग कागदावर लिही: 'गठ्ठा सोडून वजाबाकी करतो. काड्यांशिवाय अजून जमत नाही. पुढे गठ्ठ्यांचं चित्र काढून करून घ्यावं.' तीन वाक्यं झाली. जूनमध्ये चौथीला कोणीही शिक्षक आला तरी त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल. प्रत्येक मुलासाठी अशी तीन-चार वाक्यं गणिताची, तीन-चार वाचनाची. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात 2010 पासून आपण वर्णनात्मक नोंदी करतो, त्या खरं तर याचसाठी होत्या. आता तयार नोंदींच्या पीडीएफ फिरतात. 'वाचनाची आवड आहे', 'गणिती क्रिया अचूक करतो', हे वाक्य एका मुलाच्या प्रगतिपत्रकातून उचलून दुसऱ्याच्या पत्रकात ठेवलं तरी कोणाला कळणार नाही. मला याचं फार वाईट वाटतं. वर्षभर समोर बसलेल्या लेकराबद्दल आपल्याजवळ त्याचं असं एक वाक्य नसावं? तू अजून नवा आहेस, तोवर ही सवय लावून घे. तुझी नोंद वाचून नाव झाकलं तरी बाईंना मूल ओळखू आलं पाहिजे.

आता दुसरी गोष्ट. साखर कारखान्यांचा पट्टा पडायला लागला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपत आला, की आईबापांबरोबर कोयत्यावर, ऊसतोडीला, गेलेली पोरं परत यायला लागतील. पाडव्याच्या आगेमागे रोज एखाद-दुसरं दारात उभं राहील. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलेली शाळेतच होती, पण सगळ्यांचं तसं होत नाही. कारखान्यावर गेलेल्यांपैकी कोणाला शिक्षण हमी पत्रकावर, म्हणजे स्थलांतरित मुलांना इथल्या शाळेतून देतात त्या कार्डावर, तिकडच्या शाळेत बसवलं असेल, कोणी नुसती फडात धाकटी भावंडं सांभाळली असतील. असं मूल आलं की 'इतके दिवस कुठं होतास?' असं वर्गासमोर विचारू नकोस. त्याची जागा त्याला दे, हजेरीत त्याचं नाव नेहमीसारखं घे आणि पहिल्या दिवशी त्याला वाचायला उभं करू नकोस. माझ्या वर्गात पाथर्डी तालुक्यातली अशी पोरं वर्षानुवर्षं बसत आली. मोळी किती किलोची, एका खेपेला किती टन जातात, टनाला भाव काय आणि आगाऊ घेतलेल्या उचलीतून किती फिटले, हे त्यांना तोंडपाठ असतं. तुमच्या गणिताच्या पुस्तकात किलोग्रॅमचं प्रकरण आहेच. ते प्रकरण त्यांना सांगू दे. सहा महिने बुडाले म्हणून जे मूल मागे बसतं, ते त्या तासाला पुढे येऊन बोलतं. हे मी खूपदा बघितलंय.

कॉलेजातले तुमचे सर शेवटचा पाठ बघायला येतील तेव्हा थर्माकोल, चमकीचा कागद यात रात्र घालवू नकोस. वर्ग जिथे आला असेल तिथला पुढचाच घटक घे, मग तो दिसायला साधा का असेना. आणि उत्तरं त्याच चार हुशार पोरांकडून घेऊ नकोस. सर मागे बसलेले असताना अडखळणाऱ्या मुलाला बोलू द्यायला धीर लागतो, पण अनुभवी माणूस तेच बघत असतो. कळकट काड्यांचा गठ्ठा घेऊन शिकवलास तरी काही बिघडत नाही.

निरोपाचं मात्र आधीपासून मनात घे. आपण अमुक वारी शेवटचे येणार, हे पोरांना आठवडाभर आधी सांग. त्या आठवड्यात हळूहळू मागे हो. परिपाठ बाईंना घेऊ दे, तू पोरांत बस. 'सर, हे बरोबर आहे का?' म्हणून कोणी वही घेऊन आलं की 'बाईंना दाखव' म्हण. सुरुवातीला त्यांना ते लागेल आणि तुलाही. पण तू गेल्यावर त्यांना बाईंकडेच जायचंय. पोरं पेन आणतील, गुलाब आणतील, एखादी पोरगी घरून शेंगदाण्याचे लाडू आणेल. ते घे, सगळ्यांदेखत खा, वाटून खा. महाग काही आलं तर परत दे. आणि रडणाऱ्या पोरांचे फोटो स्टेटसला टाकू नकोस. ते त्यांचं रडणं आहे.

नोकरीचं आत्ता डोक्यात घेऊ नकोस. टीईटी आणि टेट या शिक्षकांच्या परीक्षा, मग भरतीचं पवित्र पोर्टल, हे सगळं पुढे आहेच, आणि ते सोपं नाही हे मला माहीत आहे. परीक्षा झाली की मे महिन्यात आपण दोघं बसून अभ्यासाचं ठरवू. बाबाही तेच म्हणतात.

निघण्याआधी उपस्थितीच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का घे. सुट्ट्या लागल्या की मुख्याध्यापक गावी जातात आणि एका शिक्क्यासाठी हेलपाटे पडतात. मुलांच्या नोंदींची एक प्रत बाईंना दे, एक वर्गाच्या कपाटात ठेव. पाणी उकळून पीत जा, तिकडे आता टँकर सुरू झाले असतील.

तुझी,
आई