अप्पांची पद्मिनी

वेळणेश्वर

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. ‘पद्मिनी भंगारात घाल आणि येतील ते पैसे काकीला दे’ असं लिहिलंयस. घालणार नाही! गाडी चालू झालीय. परवा हेदवीला दशभुजा गणपतीपर्यंत जाऊन आली, चढावर एकदाही न अडखळता. काकी मागे बसली होती. तिला विचार, मी सांगितलं तर तुला खरं वाटायचं नाही.

दुखणं इंजिनात नव्हतंच. आधीच्या मिस्त्रीने ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, प्लग बदलले, शेवटी कार्ब्युरेटर खोलून बसला. तरी गाडी चढ आला की मिसिंग करायची (ठिणगी चुकून झटके द्यायची) आणि खड्ड्यात गचकन बंद पडायची. हादऱ्याने बंद पडणाऱ्या गाडीत पेट्रोलच्या आधी वायर बघावी. त्यानेही बघितली म्हणा, टेस्ट लॅम्प लावला, दिवा पेटला, ‘करंट येतोय’ म्हणाला.

खरी गंमत इथेच आहे. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग. त्यातले पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, उघडे असताना कॉइलमधून प्रवाह जातच नाही. मग बॅटरी ते कॉइल ही वायर कितीही कुजलेली असू दे, मीटर कॉइलवर बॅटरीइतकेच व्होल्ट दाखवणार. टेस्ट लॅम्पचा बारीक दिवाही तेवढ्यावर पेटतो. मी इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटवले आणि चावी लावली. आता कॉइल तीन-चार अँपियर ओढायला लागली आणि पितळ उघडं पडलं: बॅटरीवर 12.4 व्होल्ट, कॉइलच्या पॉझिटिव्हवर 8.1. चार व्होल्ट वाटेतच गडप! मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं कॉइलच्या पॉझिटिव्हला लावलंस तर हे गडप झालेले व्होल्ट थेट वाचता येतात. मात्र चावी तशीच ठेवून चहा प्यायला जाऊ नकोस, कॉइल तापते.

तू हिशोबातला माणूस, म्हणून सांगतो. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर चालते. व्होल्टेज दोन-तृतीयांश झालं की प्रवाहही तेवढाच, आणि ठिणगीची ताकद निम्म्याहूनही कमी. सपाटीवर ती कशीबशी पुरते. चढाला अॅक्सिलरेटर दाबलास की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला उडी मारायला जास्त जोर लागतो, तिथे ती चुकते.

खात्रीसाठी बॅटरीपासून कॉइलपर्यंत एक सुटी वायर थेट जोडली. इंजिन लगेच सुरळीत! (अशी वायर लावली की चावी काढूनही गाडी बंद होत नाही, वायरच उपटावी लागते. शेजारचा पोरगा चावी हातात घेऊन घाबरून उभा होता.)

मग डॅशबोर्डखाली डोकं घातलं. अप्पांनी भजनं ऐकायला टेप बसवून घेतला होता, आठवतो? तो बसवणाऱ्याने इग्निशनच्या, म्हणजे चावीच्या स्विचमधून कॉइलकडे जाणाऱ्या वायरीला नुसता पीळ देऊन जोड काढलेला, वर काळी चिकटपट्टी. पट्टी सोलली तर आत सगळी हिरवट पूड. आपल्याकडचा खारा वारा असल्या जोडात शिरला की तिथेच थांबत नाही, तारांच्या मधून आवरणाखाली पुढे सरकतो. चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत गेलो, ते दिसेचना. शेवटी स्विचच्या दोन्ही बाजूंची वायर नवी ओढली, टोकांना थिंबल (धातूची टोपणं) दाबून झाळली, वर स्लीव्ह चढवली. इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टीही घासून बसवली. आता पॉइंट मिटलेले असताना फरक 0.3 व्होल्ट.

गणपतीला येशीलच. नाना पेठेतून पॉइंटचा सेट, रोटर आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप घेऊन ये. कॅपला आतून बारीक तडा आहे. पावसाची ओल धरली की ठिणगी तिथूनच पळेल, तोवर गाडी दारातच उभी राहील. जुनी कॅप नमुन्याला पाठवतोय, ती दुकानात काउंटरवर ठेव आणि नवी शेजारी ठेवून बघ. ‘सगळ्यांना बसते’ म्हणतात, बसत नाही.

तुझा,
बंड्या